न पडलेली उतरंड

आमच्या घरात भांड्यावर भांडं रचायला सुरुवात केली ती माझ्या सासऱ्यांनी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं सगळ्या गल्लीत नाव झालं ते माझंच. भंगारवाली म्हणून ते आधीपासून होतंच, त्यात ही भर.

मी शिल्पं करते. दगडाची किंवा धातू ओतून केलेली नव्हेत. तेवढी ऐपत नाही आणि खरं सांगायचं तर तेवढी हौसही नाही. ठिबकच्या जुन्या नळ्या, फाटकी पोती, फवारणीचे फुटके पंप, छत्रीच्या काड्या, झिजलेले खराटे, पोचे आलेली भगुणी, असं जे काही घरात नकोसं होऊन उकिरड्याच्या वाटेला लागलेलं असतं ते मी मधेच अडवते. नांदेडला चित्रकला शिक्षकाचा कोर्स केला, वसमतच्या एका शाळेत काही वर्षं पोरांकडून कमळं आणि मोर काढून घेतले, मग मुलगी झाली आणि शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हापासून शेरडांच्या गोठ्याला लागून असलेली पत्र्याची शेड माझी. सुरुवातीला गल्लीतल्या बाया गमतीनं फुटकी बादली आणून द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी तिचं काय झालं ते बघायला यायच्या. बघून हसायच्या, पण यायच्या.

काम करायची माझी एक अट होती. वेल्डिंग नाही, डिंक नाही, खिळा नाही. वस्तूवर वस्तू नुसती तोलून ठेवायची, फार तर सुतळीनं बांधायची. मामा शेडच्या दारात येऊन उभे राहायचे. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात.

"पडन की ग माय हे."

"पडू द्या मामा. पडंल पडंल असं वाटतं म्हणून तर माणूस बघत उभं राहतं."

"मंग मला बी बघत जा. गुडघा गेल्यापून म्या बी तसाच उभा हाय."

असं त्यांचं बोलणं. मला मात्र माझ्या त्या वाक्याचा फार तोरा होता. आल्यागेल्याला मी ते ऐकवायची. पडायची भीती हीच त्यातली गंमत, वगैरे. खरी भीती म्हणजे काय असतं ते तोवर मला ठाऊक नव्हतं, म्हणून तोंड एवढं चालायचं.

आमचं गाव वसमत तालुक्यात, कळमनुरीकडं माळ चढत जातो त्या अंगाला. इकडं जमिनीतून आवाज येतात. बरीच वर्षं झाली. आधी वाटायचं कुठंतरी खदानीत सुरुंग लावून राहिलेत. मग कळलं, सुरुंग नाही, खदानही नाही. आवाज पायाखालून येतो, लांबून गाडी यावी तसा गडगडत येतो आणि घराच्या खालून निघून जातो. कधी नुसता आवाज. कधी आवाजामागून जमीन हलते, मांडणीवरची ताटं किणकिणतात, शेरडं दावं ताणून उभी राहतात. सरकारी माणसं येऊन गेली, यंत्रं लावून गेली. पत्र्यावर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड काढून घ्या, असं सांगून गेली. सगळ्या गावानं दगड उतरवले. प्रत्येक दाराशी दगडांचा एकेक ढीग झाला आणि वारं सुटलं की पत्रे थडाथडा वाजायला लागले. म्हणजे खालून आवाज होताच, आता वरूनही सुरू झाला.

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढची पत्र्याची, तिच्यात हळदीची पोती थप्पी लावून ठेवलेली, पाय ठेवायला जागा नाही. मागची माळवदाची. म्हणजे दगडमातीच्या भिंती, वर लाकडाच्या तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर मातीचा थर. उन्हाळ्यात खोली गारगार, दार थेट अंगणात. आम्ही तिघं तिथंच राहायचो, झोपायचो. मी, माझा नवरा आणि मुलगी. मामांची खाट बाहेर गोठ्याशी. शेरडांपाशी त्यांना बरं वाटायचं.

लातूरकडं भूकंप झाला तेव्हा मामा जवान होते. गावानं भाकरी आणि जुने कपडे ट्रकात भरून पाठवले, त्या ट्रकातून ते गेले होते. तिकडं काय बघितलं ते त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. एवढंच एकदा म्हणाले होते, "माळवद आवाज करीत न्हाई. निसतं बसतंय." हे ऐकल्यापासून मला वरच्या तुळयांकडं बघवत नव्हतं.

त्या भूकंपानंतर आपल्याकडं गावोगाव लोक घरात भांडी रचून ठेवत. खाली तांब्या, त्यावर उलटं फुलपात्र, त्यावर वाटी. जमीन हलली की वाटी पडते, आवाज होतो, माणूस लेकराला उचलून बाहेर पळतं. यंत्र नाही, काही नाही. इकडचे हादरे वाढले तशी मामांनी माळवदाच्या खोलीत कोपऱ्यात तशीच तीन भांड्यांची उतरंड लावली. मुलीला समोर बसवून समजावून सांगितलं, "हे पडलं का चप्पल बी न्हाई घालायची. निसतं पळायचं."

मामांची उतरंड तीन भांड्यांची होती, पण माझा हात तिथं थांबेल तर ना. मला वाटलं, ही फार ठोकळेबाज आहे, बारीक हादरा हिला कळायचा नाही. मी तांब्याखाली घागर दिली. फुलपात्रावर चहाची गाळणी, गाळणीवर वाटी, वाटीवर आडवा चमचा, चमच्याच्या टोकावर डबीचं झाकण. महिनाभर मी तेच करत होते. शेवटी ती मुलीच्या उंचीची झाली, कमरेत बारीक, मान जराशी कललेली. श्वास सोडला तरी हलेल अशी. मुलीनं तिच्या वाटीला टिकली लावली आणि तिचं नाव ठेवलं बाई.

बाई पहिल्यांदा पडली ती मांजरानं. दुसऱ्यांदा रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला म्हणून. मग उंदीर, मग दार आपटलं म्हणून, मग कशानं ते कळलंच नाही. दर वेळी मी पोरीला काखेत मारून अंगणात. पिठाचे हात, सुटलेला पदर, चुलीवर भाकरी करपलेली. गल्लीतल्या बायांना आयता विषय. "काय वो वहिनी, आज बाई पडली का न्हाई?" मीही हसायची. पण मला खरंच भीती वाटत होती, आणि ती लाजेनं कमी होत नव्हती. भाकरी थापताना माझं तोंड कोपऱ्याकडं. न्हाणीत असले तरी कान कोपऱ्याकडं. शेडमध्ये काम करायला बसले की हात कापायचे आणि दोन वस्तूंवर तिसरी वस्तू राहायची नाही. ज्याचा मला एवढा तोरा होता तो तोलच हातातून गेला.

नवरा हळदीचा टेम्पो चालवतो. वसमतच्या मोंढ्यात पोती टाकून संध्याकाळी घरी यायचा आणि आम्हा मायलेकींची तोंडं बघून वैतागायचा. "तू त पोरीला येडी करशील. जमीन हलंल तवा हलंल, तू काहून रोज हलवून राहिली घर?" मी म्हणायची, मग पोती उचल आणि पत्र्याची खोली मोकळी कर. तो म्हणायचा, भाव येऊ दे. तिथं आमचं बोलणं संपायचं.

मुलगी पहिलीत होती. ती अर्धी भाकरी टाकून उठायला लागली. वेणी घालताना मान वळवून वळवून कोपरा बघायची. अंथरूण ओलं व्हायला लागलं, जे तिचं कधीच सुटलं होतं. आणि एक दिवस दुपारी बाई पडली, मी पोरीला ओढत धावले, उंबऱ्यात अडखळले आणि तिचं तोंड चौकटीवर आपटलं. ओठ फुटला. फ्रॉकवर रक्त. आत मांजर बसलं होतं, गाळणी चाटत. मी अंगणात उभी राहून रडले, आणि मामांनी पोरीला मांडीवर घेऊन तिचा ओठ धुतला. तिला म्हणाले, "बाई द्वाड हाय. तिला मी समजावून सांगतो."

मी पुन्हा उतरंड रचली. न रचता त्या खोलीत बसायची माझी छाती नव्हती.

त्यानंतर बाई पडली नाही.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग आलं. ट्रॅक्टर गेला, पडली नाही. वाऱ्यानं दार आपटलं, पडली नाही. मी तिला हात लावत नव्हते, झाडतानाही वळसा घालून झाडायची, कारण आता बसलाय तोल तर नजर लागायला नको. एकदा जमिनीतून आवाज आला, बऱ्यापैकी मोठा. मी पोरीचा दंड धरून कोपऱ्याकडं बघितलं. बाई उभी. म्हटलं, नुसता आवाज होता, हादरा नव्हता. दंड सोडला. हळूहळू सवयच लागली. आवाज आला की कोपरा बघायचा, बाई उभी असली की आपलं काम करायचं. मला झोप लागायला लागली. पोरगी पूर्ण भाकरी खायला लागली. शेडमध्ये हात थरथरेना. मला मनातून वाटायचं, इतका पक्का तोल आजवर कुणाला साधला नसेल. हो, वाटायचं.

त्याच दिवसांत मामांनी शेतात जाणं सोडलं. गुडघ्याचं कारण सांगून त्यांनी खाट गोठ्यातून उचलली आणि माळवदाच्या दाराला लावून टाकली. तिथंच दिवसभर बसायचे, बसल्या बसल्या पेंगायचे, मान खाली जायची की दचकून वर. मला राग यायचा. हळदीला पाणी द्यायचंय, कुंपणातून रानडुकरं शिरतायत, आणि हे दारात खाट टाकून वाट अडवून बसलेत.

"मामा, रात्री झोपत न्हाई का तुमी? दिवसा काहून पेंगून राहिले?"

"म्हातारपनी झोप कुठली माय. व्हतंय असंच."

"मग शेतात तरी जा. तिथं पेंगा."

"जाईन की. गुडघा बरा झाला का जाईन." पण गेले नाहीत. नवराही कुरकुरायला लागला. आम्ही दोघं एकमेकांत म्हणायचो, मामा आता थकले.

त्या दिवशी सकाळी नवरा टेम्पो घेऊन वसमतला गेला होता. शाळेची वेळ. पोरगी माळवदाच्या खोलीत पाटावर बसलेली आणि मी मागं बसून तिची वेणी घालत होते. एक घालून झाली होती, दुसरीचे तीन पेड हातात होते. गडगड सुरू झाली. नेहमीसारखी लांबून आली, पण ह्या वेळी निघून गेली नाही. घराखाली येऊन थांबली. मग फरशी सरकली. खाली बसलेल्या माणसाला ते बरोबर कळतं, बूड एकीकडं आणि आपण एकीकडं. भिंतीवरचा आरसा खिळ्यावर झुलायला लागला. वरून माती गळायला लागली, बारीक, पोरीच्या तेल लावलेल्या भांगात.

मी कोपऱ्याकडं बघितलं. बाई उभी होती. झाकणसुद्धा जागच्या जागी.

आणि मी बसून राहिले. हे मला अजून कुणाला समजावून सांगता येत नाही. माझ्या बुडाखाली जमीन हलत होती, आरसा डोळ्यांसमोर हलत होता, पण बाई हलत नव्हती, म्हणून मला वाटलं मलाच चक्कर येतेय. उपाशीपोटी चहा घेतला, पित्त झालं असेल. पोरगी उठायला लागली तर मी वेणीला धरून तिला खाली बसवलं. म्हणाले, "बस गं, हलू नको. बाई उभीच हाय."

मामा आत आले ते मी बघितलंच नाही, इतके पटकन आले. गुडघा गेलेला माणूस. त्यांनी पोरीला बगलेत धरलं, माझ्या हातातून तिचे केस हिसकले आणि मला पायानं ढकललं. सासऱ्यानं सुनेला पाय लावला. मला तेवढंच दिसलं आणि तेवढाच राग आला.

"मामा, भांडी पडली न्हाईत."

"न्हाई पडत ती. म्या चिटकिवली. भाईर हो."

अंगणात कशी आले ते आठवत नाही. पाय होते, त्यांनी आणलं. मागं धप्प असा आवाज झाला, फार मोठा नाही. नंतर बघितलं तर कोनाड्याच्या वरचा दगड निखळून पाटावर पडला होता आणि त्याच्यावर टोपलंभर माती. पाटाचे दोन तुकडे झाले होते. बाकी घर उभं होतं. बाईही उभी होती, अंगावर धुरळा घेऊन.

सगळी गल्ली बाहेर. कुणाच्या तोंडाला साबण, कुणाच्या हातात दुधाची चरवी. पत्रे वाजत होते, कुत्री भुंकत होती, बाया एकमेकींची लेकरं मोजत होत्या. मी पोरीला छातीशी इतकी दाबून धरली की ती म्हणाली, आई, दुखतंय. मग मी मामांकडं वळले. जे तोंडाला येईल ते बोलले. मेली असती माझी पोरगी. तुम्हाला कुणी सांगितलं होतं. तुम्ही लातूरकडं जाऊन आलात, तुम्हाला कळत नाही का. सगळ्यांसमोर बोलले. सासऱ्याला असं कुणी बोलत नाही आमच्याकडं.

मामा म्हणाले, "व्हय."

मग म्हणाले, "पाइपाची गळती बुजवायची पुट्टी उरली व्हती. पोरीचा व्हट फुटला त्या दिशी लावली. म्हनलं दोन-चार दिस लेकराला जेवू दे, तुला झोपू दे, मंग काढून टाकू. पन तुला झोप लागाया लागली. पोरगी हसाया लागली. मंग काढायचा धीरच झाला न्हाई माय. चुकलं."

राग तर होता. कुठंतरी बसावं म्हणून मी दाराला लावलेल्या त्यांच्या खाटेकडं गेले. खाटेखाली एक तांब्या आडवा पडलेला. त्यातलं पाणी सांडून जमिनीला ओघळ गेलेला. आणि एक वाटी उंबऱ्याला जाऊन टेकलेली.

"हे काय?"

"ती माजी," मामा म्हणाले. "आतल्या बाईचं काम कुनीतरी कराया पायजे का न्हाई."

शेत सोडून दारात टाकलेली ती खाट. दिवसाढवळ्या खाली जाणारी आणि दचकून वर येणारी ती मान. आम्ही आत घोरत होतो आणि हे डोक्याखाली हात घेऊन खाटेखालच्या वाटीवर कान ठेवून पडलेले, किती रात्री ते मी विचारलं नाही. माझी भीती त्यांनी उचलून स्वतःच्या खाटेखाली ठेवली होती, आणि मी त्यांना म्हणाले होते, शेतात जाऊन पेंगा.

नवऱ्याचा फोन आला. तिकडंही जाणवलं होतं, तो निघाला होता. मी सांगितलं, सगळे बाहेर आहोत, येताना पोती उतरवायला दोन माणसं घेऊन ये, आज पत्र्याची खोली मोकळी करायची. ह्या वेळी तो हळदीच्या भावाचं काही बोलला नाही.

मी वाटी उचलली, तांब्या उभा केला आणि वाटी त्याच्यावर ठेवायला गेले. बसेना. हात इतके कापत होते की वाटी तांब्याच्या काठावर वाजतच राहिली. एका भांड्यावर एक भांडं, लेकरूसुद्धा ठेवील, आणि मला जमेना. मामांनी बघितलं. शेजाऱ्याच्या मदतीनं त्यांनी खाट अंगणाच्या मधोमध ओढली, जिथं वर काही नव्हतं.

"राहू दे ते," म्हणाले. "तू बस निसती हितं. म्या जरा आंग टाकतो."

आणि झोपले. आजूबाजूला गल्ली ओरडत होती, शेरडं बोंबलत होती, पत्रे वाजत होते, ऊन तोंडावर येत होतं, आणि मामा तोंड उघडं टाकून गाढ झोपले.

मी खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले, अनवाणी तळवे मातीला टेकवून. पोरगी माझ्या पुढ्यात येऊन बसली. तिची एक वेणी घातलेली होती, दुसरी सुटलेली, भांगात माती.

"आई, आता बाई कोण?"

"मी," म्हणाले.

तिनं पाठ माझ्याकडं केली. मी तिच्या केसांतली माती झटकली, सुटलेल्या वेणीचे तीन पेड हातात घेतले आणि घालायला लागले. वेणी वाकडी होत होती. पण मी वेणीकडं बघत नव्हते.